सायकल कोठून घ्यावी ?

गेल्या ज्येष्ठ महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. नातू पांचवी उत्तीर्ण होऊन सहावींत गेला. शाळा घरापासून अडीच किलोमीटर. तेव्हां त्यास सायकल घेऊन द्यावी याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. दुमत होतें तें ती कोठून घ्यावी याविषयीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सगळे माजघरांत बसलों असतां पुतण्यानें आपला मोबाइल माझ्यापुढें धरला.

‘काका, सायकल हीच, कारखाना हाच, रंगहि हाच. आपल्या पेठेंतल्या दुकानांत ९,६०० रुपये सांगतात. येथें ऑनलाइन ८,२०० ला मिळते. शिवाय दारांत आणून देणार. वरचे १,४०० रुपये कशासाठीं द्यावयाचे ?’

धाकटे बंधु म्हणाले, ‘दादा, त्या दुकानांतून आपण चाळीस वर्षें सायकली घेतों आहों. तो माणूस काय म्हणेल ?’

पुतण्यानें उत्तर केलें कीं, माणूस काय म्हणेल याचा आंकडा बिलांत येत नसतो. सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मी जन्मभर शाळामास्तर. पगाराच्या रुपयाचा पैपैशानें हिशेब ठेवण्यांत आयुष्य गेलेलें. इतक्या रुपयांत मुलाच्या वर्षाच्या वह्यापुस्तकांचा बराच खर्च भागेल, असा विचार मनांत आला आणि मीं पुतण्याच्या बाजूनें कौल दिला. पुढें जें घडलें त्याचा दोष म्हणूनच मी दुसऱ्या कोणावर ठेवीत नाहीं.

चौथ्या दिवशीं खोकें आलें. आंत सायकल होती, पण पुरती नव्हती. मागचें चाक व चेन जागच्या जागीं बसविलेलीं. पुढचें चाक, हँडल, सीट आणि दोन्ही पायडलें सुटीं. बरोबर एक कागद आणि दोन लहान पाने. पुतण्या शिकलासवरलेला इंजिनिअर. त्यानें मोबाइलवर चित्रफीत पाहत तासाभरांत जोडणी केली. पायडलें बसवितांना जरा जड जात होतीं. त्यानें घरांतला मोठा पाना आणून जोर लावला, आणि तीं बसलीं. सौ.नें हँडलास हळदकुंकू लावलें, नारळ फोडला, आणि नातवानें अंगणांत पहिली फेरी मारली.

नवव्या दिवशीं शाळेंतून परत येतांना उतारावर उजवें पायडल निखळून रस्त्यावर पडलें. मुलाचा सारा भार त्या वेळीं त्याच पायावर होता. तो उजव्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, कोसळला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानें वेळेवर ब्रेक लावला, म्हणून हें सर्व मी आज लिहूं शकतों. मनगटाचें हाड मोडलें आणि पांच आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला.

विक्रेत्यास कळविलें. उत्तर सभ्य भाषेंत आलें : माल परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती, ती उलटली, शिवाय जोडणी माहितगार कारागिराकडून करवून घ्यावी असें सोबतच्या कागदावर स्पष्ट छापलेलें आहे. कागद शोधून काढला. छापलेलें होतें, अगदीं तिसऱ्या ओळींत. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर ‘प्रश्न नीट वाचावा’ असा शेरा वर्षानुवर्षें मारणाऱ्या मला तो कागद उघडून वाचावासा वाटला नव्हता.

दुकानांतला धडा

अखेर ती मोडकी सायकल घेऊन मी आमच्या पेठेंतल्या त्याच दुकानीं गेलों. पाऊल जड झालें होतें हें कबूल केलें पाहिजे. १९८१ सालीं मला नोकरी लागली तेव्हां या दुकानदारांच्या वडिलांनीं मला पहिली सायकल हप्त्यानें दिली होती. महिना पंचवीस रुपये. जामीन कोणी मागितला नाहीं. वहींत एक ओळ लिहून घेतली तेवढीच. ते गृहस्थ आतां नाहींत. त्यांचे चिरंजीवहि साठीला आले आहेत. त्यांनीं सायकलीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें आणि म्हणाले, ‘मास्तर, सायकल कोठून घेतलीत तें राहूं द्या. नातू कसा आहे ?’

मग त्यांनीं सायकल उलटी करून मला एक एक गोष्ट दाखविली. सायकलीच्या उजव्या पायडलाचे आटे नेहमींच्या स्क्रूप्रमाणें सुलट असतात, डाव्याचे उलट. पायाच्या फिरत्या जोरानें पायडल हळूहळू सुटूं नये यासाठीं ही योजना. दोहोंवर ‘एल’ आणि ‘आर’ अशीं इंग्रजी अक्षरें कोरलेलीं असतात. आमच्या घरीं डावें उजवीकडे आणि उजवें डावीकडे गेलें होतें, आणि मोठ्या पान्यानें केलेल्या जबरदस्तीमुळें दोन्ही क्रँकचे आटे खरवडून निघाले होते. दुसरें असें कीं, पुढचें चाक ज्या दुबेळक्यांत बसतें तो फोर्क मागें-पुढें फिरलेला होता. त्यामुळें चाक चौकटीच्या फार जवळ येऊन वळतांना मुलाच्या बुटाचा चवडा चाकास लागत असे. तिसरें, पुढच्या चाकाचा आऊट काढलेला नव्हता. चाक एका बाजूला ब्रेकच्या रबराला घांसत होतें. आणि सीट मुलाच्या मानानें चांगली दीड इंच उंच होती.

मीं विचारलें, ‘तुमच्याकडे येणारी सायकल तरी कारखान्यांतून तयार होऊन येत असेल ?’

ते हंसले. ‘आमच्याकडेहि खोक्यांतच येते, मास्तर. तुमच्या घरीं आली त्याहून जास्त सुटी येते.’ असें म्हणून त्यांनीं मागच्या बाजूस बोट दाखविलें. तेथें एक मुलगा स्टुलावर बसून चाक फिरवीत होता, आणि कान लावून एक एक आरा आवळीत होता.

दोन्ही क्रँक बदलले, फोर्क फिरविला, चाक सरळ केलें, सीट खालीं घेतली. सामान आणि मजुरी मिळून ९५० रुपये झाले. म्हणजे वांचविलेल्या १,४०० रुपयांतले ४५० उरले. त्यांतून डॉक्टरांचें बिल भागलें नाहीं, हें सांगावयास नको.

सायकल पुरी कोठें होते ?

त्या दिवसापासून माझ्या मनांत एक गोष्ट पक्की बसली आहे. धोतरजोडी, पुस्तक किंवा पितळेचा डबा हे जिन्नस विकणाऱ्याच्या हातीं येण्यापूर्वींच पुरे झालेले असतात. सायकलीचें तसें नाहीं. कारखान्यांत तिचे भाग तयार होतात. सायकल पुरी होते ती जोडणाऱ्याच्या हातीं, आणि तीहि बसणाऱ्याच्या अंगमापानें. पुतण्यानें दाखविलेल्या दोन किंमतींपैकीं एक सुट्या भागांची होती, दुसरी जोडलेल्या सायकलीची. दोन निरनिराळ्या वस्तूंच्या किंमती आम्ही एकाच वस्तूच्या समजून वजाबाकी केली. गणिताच्या मास्तरानें अशी चूक करावी यास काय म्हणावें ?

सायकल दिसावयास साधी असली तरी तिच्यांतलें कसब साधें नाहीं. सारख्या आकाराचीं दोन चाकें आणि मागच्या चाकाला चेन, ही आजच्या सायकलीची ठेवण इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ सालीं ‘रोव्हर’ सायकलींत रूढ केली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. त्यानंतर तपशिलांत पुष्कळ फरक पडले, पण मूळ बांधणी तीच राहिली : ताणलेले आरे, कपांतले छर्रे, चेन, ब्रेक. यांतली प्रत्येक गोष्ट फार आवळली तर जाम होते आणि सैल राहिली तर खेळते. तो मध्य हातानें आणि कानानें साधावा लागतो. अमेरिकेंत डेटन गांवीं राइट बंधूंनीं १८९२ सालीं सायकलींचें दुकान काढलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें जें विमान उडालें त्याचे पंखेहि सायकलीसारख्या चेननेंच फिरत होते. सायकल दुरुस्त करणाऱ्यास आपण ‘पंक्चरवाला’ म्हणून बाजूला सारतों, तेव्हां ही गोष्ट ध्यानांत असावी.

आपल्या देशांतहि या धंद्याचा मोठा पसारा झाला. आरंभीं विलायती सायकली येत. पुढें १९४९ सालीं मद्रासजवळ अंबत्तूर येथें टी. आय. चा, १९५१ सालीं सोनीपतला अॅटलसचा आणि १९५६ सालीं लुधियान्यास हीरोचा कारखाना निघाला. पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. पेठेपेठेंतून तासाच्या भाड्यानें सायकली मिळत, आणि आमच्या पिढींतलीं मुलें मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून ती चालवावयास शिकलीं. तीं भाड्याचीं दुकानें दिसेनाशीं झालीं. अॅटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजीं बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनीं २०१८ सालीं जागतिक सायकलदिन म्हणून ठरविलेला दिवस तोच. जीं दुकानें उरलीं आहेत तीं नव्या सायकलींच्या विक्रीवर तग धरून आहेत. नुसत्या पंक्चरांवर दुकानाचें भाडें निघत नाहीं. नवी सायकल बाहेरून आणावयाची आणि दुरुस्तीला मात्र कोपऱ्यावरचें दुकान उघडें असावें अशी अपेक्षा करावयाची, ही रीत फार दिवस चालणार नाहीं. पंक्चर ऑनलाइन निघत नाहीं.

शास्त्र काय म्हणतें ?

न पाहतां माल मागविणें ही कांहीं अगदीं नवी गोष्ट नव्हे. हिंदुस्थानांत व्ही. पी. ची पद्धति १८७७ पासून सुरू झाली. मासिकांतल्या जाहिराती वाचून घड्याळें, पुस्तकें, औषधें व्ही. पी. नें मागविणारीं घरें आपल्यांत पुष्कळ होतीं. पसंत न पडलेला माल परत करण्याचा प्रश्न तर त्याहूनहि कितीतरी जुना. आपल्या धर्मशास्त्रांत घेतलेल्या वस्तूविषयींच्या पश्चात्तापास ‘क्रीतानुशय’ असें नांव असून, नारदस्मृतींत तें व्यवहाराचें एक स्वतंत्र पद मानलें आहे. घेणाऱ्यानें आधीं स्वतः माल पारखावा, आणि पारखून पसंत केलेला माल मग विकणाऱ्यावर परत लादूं नये, हा तेथील मुख्य नियम. मनूनें विकत घेणारा व विकणारा या दोघांसहि पश्चात्तापासाठीं दहा दिवसांची मुदत दिली आहे.

याज्ञवल्क्यस्मृतींत तर परीक्षेची मुदत जिनसागणिक वेगळी सांगितली आहे : बियाण्यास दहा दिवस, रत्नांस सात, वाहून नेणाऱ्या जनावरास पांच, दुभत्यास तीन, आणि लोखंडास एक. आतां सायकल कशांत धरावी ? लोखंड म्हणावें तर एका दिवसांत पारख संपली पाहिजे. वाहन म्हणावें तर पांच दिवस चालवून पाहतां येईल. माझ्या मतें ती वाहनांत गणावी. लोखंडाचे दोष डोळ्यांना दिसतात. वाहनाचे चालविल्यावर कळतात. आमच्या सायकलीचा दोष नवव्या दिवशीं कळला. तेव्हां मनूच्या न्यायानें आम्हीं जिंकलों असतों आणि याज्ञवल्क्याच्या न्यायानें हरलों असतों. परंतु दोष जोडणीचा होता, मालाचा नव्हे, हें पाहिल्यावर दोघांनींहि आम्हांस परतच पाठविलें असतें.

आजचा कायदा ग्राहकाला स्मृतिकारांपेक्षां अधिक उदार आहे, कारण घरबसल्या मागविणाऱ्यास माल आधीं पारखतां येत नाहीं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. सदोष माल बिलांत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें ही त्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ‘एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं’ अशा पाट्या लावणाऱ्या दुकानदारांनींहि हें वाचून ठेवावें. त्याच वर्षींच्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनीं तक्रार आल्याची पोंच ४८ तासांत दिली पाहिजे आणि तिचा निकाल महिन्याभरांत लावला पाहिजे. निकाल न लागल्यास ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जातां येतें. विक्रेत्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

दुसरी बाजू

दुकानदार तेवढे सगळे सज्जन आणि ऑनलाइनवाले तेवढे सगळे लबाड, असें म्हणावयाचा माझा हेतु नाहीं. १९८४ सालीं दुसऱ्या एका दुकानांत नव्या टायरचे पैसे घेऊन मला जुनाच टायर घासूनपुसून बसवून दिला होता. तो पंधरा दिवसांत उलला आणि दुकानदारानें ओळखहि दाखविली नाहीं. पुष्कळ दुकानांत किंमत सांगतांना गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतात, मुलीबरोबर आलेल्या आईशीं धड बोलत नाहींत, आणि जी सायकल दुकानांत पडून आहे तीच मुलाच्या मापाची असें खुशाल सांगतात. ऑनलाइन विक्रींत निदान किंमत सर्वांस एकच दिसते, आणि इतर गिऱ्हाइकांचे अनुभव वाचावयास मिळतात.

माझी बहीण कोंकणांत एका लहान गांवीं असते. तेथें जवळच्या दुकानांत मुलांच्या दोन-तीनच तऱ्हा मिळतात. तिनें आपल्या नातीसाठीं हवी तशी सायकल ऑनलाइन मागविली, आणि खोकें न फोडतां तसेंच टेम्पोंत घालून तालुक्याच्या मिस्त्रीकडे नेलें. त्यानें ३५० रुपये घेऊन ती जोडून दिली. ती सायकल अजून उत्तम चालते. माझी बहीण सातवी शिकलेली आहे. आमच्या माजघरांत त्या रात्रीं बसलेल्यांपैकीं कोणाचेंहि शिक्षण इतकें कमी नव्हतें.

घेणाऱ्यांनीं काय पाहावें ?

तेव्हां अनुभवांतून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. प्रथम माप. मुलास अनवाणी भिंतीशीं पाठ लावून उभें करावें, दोन पायांमध्यें एक पुठ्ठ्याचें पुस्तक वरपर्यंत दाबून धरावें, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजावें. सायकलीची दांडी याहून इंच-दोन इंच खालीं असली पाहिजे. येथें आम्हां वृद्धांची एक फसगत होते. पूर्वीं बावीस इंची, चोवीस इंची म्हणत ती चौकटीची उंची असे, चाक अठ्ठावीस इंची. आतां मुलांच्या सायकलींवर वीस, चोवीस असे आंकडे असतात ते चाकाचे. ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून शर्ट मोठा शिवावा. सायकल मोठी घेऊं नये.

दुसरें, किंमतीची तुलना करतांना ऑनलाइन किंमतींत जोडणीची मजुरी आणि पहिल्या महिन्यानंतरच्या तपासणीचा खर्च मिळवावा. नवे आरे व ब्रेकच्या तारा थोड्या दिवसांत सैल पडतातच. दुकानदारासहि ती तपासणी किंमतींत धरली आहे कीं नाहीं, तें स्पष्ट विचारावें. तिसरें, पक्कें बिल घ्यावें आणि चौकटीवर, बहुधा पायडलांच्या मधल्या नळीखालीं, कोरलेला क्रमांक त्यावर लिहून घ्यावा. सायकल चोरीस गेली तर तोच पुरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जी. एस. टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेवढ्यासाठीं बिलावांचून व्यवहार करण्याचें कारण उरलेलें नाहीं. चौथें, ऑनलाइन मागविलीच तर खोकें उघडतांना छायाचित्रें घ्यावीं, परतीची मुदत कॅलेंडरवर लिहावी, आणि जोडणी मिस्त्रीकडूनच करवावी. मोठा पाना घरांत आहे म्हणून हात शिवशिवूं देऊं नयेत. अखेरीस, सायकल कोठूनहि आलेली असो, मुलास देण्यापूर्वीं वडील माणसानें दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढें ढकलून पाहावी. पायडलें, हँडल, सीट हातानें हलवून पाहावीं. यास दोन मिनिटें लागतात. तीं दोन मिनिटें मीं दिलीं नाहींत.

प्लास्टर निघाल्यावर नातू पुन्हां सायकलीवर बसावयास धजेना. पायडलाकडे पाही आणि मागें सरे. मीं त्याला दुकानीं नेलें. दुकानदारांनीं त्याच्या हातीं पाना दिला, डावें पायडल काढावयास लावलें, त्यावरचें अक्षर वाचावयास सांगितलें, आणि त्याच्याच हातानें तें पुन्हां बसवून घेतलें. मग म्हणाले, ‘बाळ, आतां हें कोणी बसविलें आहे तें तुला ठाऊक आहे. बैस.’ तो बसला आणि गल्लीच्या टोंकापर्यंत जाऊन आला. त्या कामाचे पैसे त्यांनीं घेतले नाहींत.

पुढच्या वर्षीं धाकटी नात पांचवींत जाईल. तिच्या सायकलीसाठीं आमच्या माजघरांत सभा भरणार नाहीं असें वाटतें.